ताट्या नव्या, टाकी जुनी

प्रश्न : वय 71, राहणार महाल. रक्तातल्या तांबड्या पेशी 120 दिवसांत नव्या होतात, आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत, असं वाचलं. पेशी नव्या तर माणूस म्हातारा काऊन होते? बर्डीपर्यंत पायी गेलो तरी आताशा दम लागतो. नातू टेलोमियर वाढवायची गोळी आणतो म्हणतो. घेऊ का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : भाऊ, परवाच कूलरच्या ताट्या बदलल्या. नवा वाळा, पंप सुरू करताच घरभर वास. मग टाकी धुवायला हात घातला, तर गंजाचे पापुद्रे बोटांना चिकटून आले. टाकी 1998ची!

रक्त, कातडी, आतड्याचं अस्तर या आपल्या ताट्या. मेंदूतल्या बहुतेक चेतापेशी मात्र जन्मापासूनच्याच. डोळ्यातल्या भिंगाच्या गाभ्यातली प्रथिनं तर आईच्या पोटात असतानाची, ती कधीच बदलत नाहीत. धमन्यांना लवचिक ठेवणारं इलास्टिनही बहुतेक लहानपणीच तयार होतं. ते झिजलं की धमन्या ताठरतात.

बरं, ताट्याही जन्मभर नव्या मिळत नाहीत. 1961 साली हेफ्लिक आणि मूरहेड या शास्त्रज्ञांना दिसलं, की प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या माणसाच्या पेशी साधारण 40 ते 60 वेळा दुभंगून थांबतात. दर खेपेला गुणसूत्रांची टोकं, म्हणजे टेलोमियर, थोडी आखूड होतात, हे त्याचं मुख्य कारण. पण हा कोटा संपतो म्हणून माणूस जातो, असं समजू नका. नव्वदीतल्या माणसाच्या कातडीतल्या पेशीही बशीत दुभंगतात.

खरी गोम थांबलेल्या पेशीत आहे. ती सहजी मरत नाही. कामातून निवृत्त होते आणि आसपास दाह वाढवणारी रसायनं सोडत बसते. (मला मास्तरकीतून निवृत्त होऊन 14 वर्षं झाली, माझा उपद्रव शेजाऱ्यांना विचारा.) वयाबरोबर अशा पेशी सांध्यांत, धमन्यांत साठत जातात. त्या काढून टाकल्यावर उंदीर जास्त जगले, असा प्रयोग 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. पण ते उंदीर होते.

गोळीचं म्हणाल, तर टेलोमियर लांब ठेवणारं टेलोमरेज हे विकर बहुतेक कर्करोगांच्या पेशींतही जागं असतं. तेव्हा गोळी खरंच काम करत असेल तर मला जास्त धास्ती वाटेल. आणि बर्डीच्या वाटेवरचा दम पेशींच्या नावावर खपवू नका, या आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढा. नातवाला म्हणावं, डब्यामागचा कागद मला पाठव.