बीटल्सचं कुठलं चरित्र खरं मानायचं?

गेल्या अंकात फिलिप नॉर्मनच्या ‘शाऊट!’ या बीटल्सच्या, म्हणजे जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार या लिव्हरपूलच्या चौघांच्या बँडच्या, चरित्राबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, मिळालं तर नक्की वाचा एवढंच म्हटलं होतं, आणि त्यावर इतकी पत्रं आली की हा महिना सगळा बीटल्सलाच द्यायचं ठरवलं. सगळी छापता येणार नाहीत, जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले तेवढे घेतलेत.

प्रश्न : ताई, तुमचं वाचून पुस्तक मागवलं आणि झपाटल्यासारखं वाचून काढलं. सुरुवातीला ते जिथे वाजवायचे ते जर्मनीतल्या हॅम्बुर्गचे क्लब, त्यांचा मॅनेजर ब्रायन एपस्टाइन, त्यांच्या स्वतःच्या अॅपल कंपनीचा सावळागोंधळ, सगळं डोळ्यासमोर उभं राहिलं. खूश होऊन आमच्या जुन्या रॉकवाल्या मित्रांच्या ग्रूपवर टाकलं तर सगळे तुटूनच पडले. म्हणे हे पॉलवर खार खाणाऱ्या माणसाचं पुस्तक आहे, याला चरित्र म्हणूच नका. मग मी वाचलं ते काय होतं? (एक वाचक, सांगली)

उत्तर : तुम्ही एक उत्तम लिहिलेलं पुस्तक वाचलंत आणि तुमचे मित्र म्हणतायत तेही खरंय, दोन्ही एकाच वेळी. ‘शाऊट!’ आलं १९८१ मध्ये. ८ डिसेंबर १९८० ला न्यूयॉर्कमध्ये जॉन लेननला गोळ्या घातल्या आणि त्यानंतर काही महिन्यांतच हे पुस्तक दुकानात. जग जॉनसाठी रडत होतं, आणि नॉर्मन अमेरिकेतल्या एका टीव्ही कार्यक्रमात म्हणाला की जॉन म्हणजे तीन चतुर्थांश बीटल्स. आता पॉलवर, जॉर्जवर, रिंगोवर जीव टाकणाऱ्या माणसाला हे ऐकून काय वाटेल सांगा! पॉलने तर त्या पुस्तकाच्या नावाची मोडतोड करून त्याला शिवीच हासडली होती असं नॉर्मन स्वतःच सांगतो.

पण हे जॉनप्रेम नॉर्मनने एकट्याने शोधून काढलेलं नाहीये, ते आधीपासून हवेत होतं. बँड फुटल्यावर १९७० च्या डिसेंबरात जॉनने ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकन मासिकाला एक लांबलचक मुलाखत दिली, रागाच्या भरात, मनात येईल ते बोलत. त्यातून जे चित्र तयार झालं ते असं की जॉन म्हणजे खरा कलावंत, बंडखोर, आणि पॉल म्हणजे गोड गोड चाली लावणारा हिशेबी माणूस. पुढची कितीतरी वर्षं लिहिणाऱ्यांनी तेच चित्र पायाला धरलं. जॉनने स्वतः नंतर त्यातलं बरंच सौम्य केलं पण पुस्तकांमध्ये ते उतरायला फार वेळ लागला. पॉलची बाजू नीट मांडली गेली ती बॅरी माइल्सच्या १९९७ च्या पुस्तकात, आणि ते तर पॉलच्याच सहकार्याने लिहिलेलं. त्यात कळतं की १९६५-६६ मध्ये जॉन लंडनबाहेर वेब्रिजच्या बंगल्यात राहत होता तेव्हा पॉल लंडनमध्ये गॅलऱ्या, प्रायोगिक संगीत, टेपचे तुकडे जोडून आवाज काढणं असल्या उद्योगात बुडालेला होता. म्हणजे ‘प्रयोग करणारा जॉन’ हे चित्र निदान अर्धं तरी बदलावं लागतं. पण तिथेही कोण बोलतंय ते बघाच, कारण ‘इन माय लाइफ’ची चाल घ्या. जॉन म्हणायचा पॉलने मधल्या भागात मदत केली, पॉल म्हणतो सगळी चाल माझी. दोघांपैकी एकाचंच ऐकून जो लिहितो त्याचं पुस्तक एका बाजूला कलणारच.

तरीही मी ‘शाऊट!’ वाचाच म्हणते ते त्यातल्या माणसांसाठी आणि पैशाच्या गोष्टीसाठी. तुम्हाला सेल्टाएबचा भाग आठवत असेल. बीटल्सच्या नावाचे विग, बाहुल्या, टीशर्ट विकायचे हक्क १९६३ च्या शेवटी एका तरुण टोळक्याच्या कंपनीला दिले गेले, आणि करारात त्या कंपनीला ९० टक्के आणि बीटल्सच्या बाजूला १० टक्के! तिकडच्या माणसाने नव्वद आकडा टाकला तो घासाघीस होईल असं धरून, आणि इकडे कोणी घासाघीस केलीच नाही. काही महिन्यांत अमेरिकेत जे वेड लागलं त्यात पैशाचा पूर आला आणि तो या मुलांच्या हातून गेला. लिव्हरपूलमधल्या फर्निचरच्या दुकानातून आलेला, मुलांवर जीवापाड प्रेम करणारा एपस्टाइन धंद्यात कसा अडकत गेला हे नॉर्मनने जसं लिहिलंय तसं फार कमी जणांनी लिहिलंय. संगीत समजून घ्यायचं असेल तर मात्र हे पुस्तक उपाशी ठेवतं, गाणी त्यात अगदी पटापट उरकलीत, आणि जॉर्ज-रिंगो तर बरेचदा पाहुण्यांसारखे येऊन जातात.

मित्रांना एक सांगा, नॉर्मन तिथेच थांबला नाही. २००८ मध्ये त्याने जॉनचं मोठं चरित्र लिहिलं आणि २०१६ मध्ये पॉलचं, तेही पॉलच्या मूकसंमतीने. जॉर्ज २००१ मध्ये गेला तेव्हा नॉर्मनने लिहिलेला मृत्युलेख इतका कडवट होता की चाहते अजून विसरलेले नाहीत, आणि त्याच जॉर्जचं चरित्रही त्याने २०२३ मध्ये लिहिलं. लेखकाची मतं चाळीस वर्षांत कशी सरकली हे बघायला ही पुस्तकं लागोपाठ वाचावीत, मला तरी त्यात फार रस वाटतो.

प्रश्न : मी कॉलेजला आहे, बीटल्स आत्ता आत्ता ऐकायला लागलोय. एकच पुस्तक घेण्याइतके पैसे आहेत. ‘अधिकृत’ चरित्र घेतलं की झालं ना? बँडनेच परवानगी दिली म्हणजे सगळं खरंच असणार. (एक विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : अरे, उलटही असू शकतं. अधिकृत चरित्र लिहिलं हंटर डेव्हिसने, आलं १९६८ मध्ये, आणि तो त्या चौघांच्या घरात, स्टुडिओत, स्वयंपाकघरात बसून होता. १९६७ च्या मार्चमध्ये ‘विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स’ जुळत असताना तो तिथे हजर होता. जॉन आणि पॉल गिटार घेऊन बसलेत, एक ओळ सापडते, मग अडकतात, मध्येच भलतंच जुनं गाणं वाजवत बसतात, पुन्हा त्या ओळीकडे येतात. हे नंतर आठवून सांगितलेलं नाहीये, बघून लिहिलेलं आहे, आणि म्हणून सगळ्यात चिकित्सक चाहतेसुद्धा या पानांवर शंका घेत नाहीत.

पण परवानगीची किंमत द्यावी लागते. जॉनच्या मिमी मावशीला त्याच्या लहानपणाच्या वर्णनातलं काही काही खटकलं, मग ते तिच्या समाधानासाठी मवाळ करावं लागलं. एपस्टाइन समलिंगी होता हे उघड लिहिता आलं नाही. पुढे जॉननेच त्या १९७० च्या मुलाखतीत या पुस्तकाला नावं ठेवली. तेव्हा डेव्हिस घे, जरूर घे, डोळ्यांनी बघितलेलं आणि घरच्यांनी सांगितलेलं यात फरक करत वाच. आणि पैसे टाकण्याआधी एखाद्या चांगल्या लायब्ररीत विचार, ही जुनी पुस्तकं तिथे बरेचदा निघतात.

प्रश्न : मार्क लुईसनचं ‘ट्यून इन’ मुलाने लंडनहून पाठवलंय. नऊशेच्या वर पानं आणि १९६२ च्या ३१ डिसेंबरला संपतं! म्हणजे खरी गंमत सुरू होण्याआधीच. चाहते याला एवढं डोक्यावर का घेतात? (एक वाचक, पुणे)

उत्तर : कारण ते प्रत्येक गोष्टीला विचारतं की हे कोणी पाहिलं. एक उदाहरण देते मग बघा पटतं का. जॉन पाच वर्षांचा असताना, १९४६ मध्ये, वडील त्याला ब्लॅकपूलला घेऊन गेले, आई न्यायला आली, आणि त्या पोराला सांगितलं की तूच निवड, आई का बाबा. तो आधी बाबा म्हणाला आणि मग रडत आईच्या मागे धावला. ही कहाणी डेव्हिसपासून पुढे सगळ्यांनी लिहिली, त्यावरून जॉनच्या अख्ख्या स्वभावाचा अर्थ लावला गेला, मीही ती वाचताना दरवेळी हळहळले आहे. लुईसनने काय केलं, तर ज्या घरात हे घडलं त्या घरातला माणूस शोधला, वडिलांचा खलाशी मित्र, आणि तो म्हणतो असं काही नाट्य झालंच नाही, पुढच्या खोलीत बसून शांतपणे बोलणं झालं आणि पोरगा आईबरोबर गेला.

तसंच ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या कराराचं. आपण ऐकत आलोय की तिथला निर्माता जॉर्ज मार्टिन, त्याला पोरं आवडली आणि त्याने घेतली. लुईसन दाखवतो की १९६२ च्या फेब्रुवारीत मार्टिनवर फारशी छाप पडलीच नव्हती, ईएमआयच्याच प्रकाशन शाखेला त्यांच्या गाण्यांचे हक्क हवे होते म्हणून वरून दबाव आला. डेक्का या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीतल्या १ जानेवारीच्या ऑडिशनला नकार मिळून पोरं खचलेली असताना पडद्यामागे हे चाललेलं, ते वाचताना मी पुस्तक खाली ठेवू शकले नाही.

आक्षेपही आहेत. काही चाहत्यांनी तळटीपा एकेक करून तपासल्या आणि वेगवेगळ्या वेळी बोललेली वाक्यं एकाच अवतरणात जोडलीत अशी तक्रार केली. तक्रार गंभीर आहे. पण तळटीप दिली होती म्हणून तर तपासता आली, ‘शाऊट!’च्या बाबतीत तेवढी सोयच नव्हती. काका, तुम्ही सलग वाचू नका, हॅम्बुर्गपासून सुरू करा. तीन खंडांतला हा पहिलाच आहे, २०१३ मध्ये आला, दुसऱ्याची वाट सगळं जग बघतंय.

प्रश्न : या सगळ्या चरित्रांत भारत म्हणजे फक्त ऋषिकेश आणि महर्षी महेश योगींचा आश्रम. मुंबईचं काहीच नाही का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : आहे, पण एखाद्या परिच्छेदात गुंडाळलेलं, आणि याचा मला मनापासून राग येतो. १९६६ च्या सप्टेंबरमध्ये जॉर्ज हॅरिसन रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईत आला. १९६८ च्या जानेवारीत पुन्हा आला आणि फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत आपल्या वादकांना घेऊन ‘वंडरवॉल म्युझिक’चं रेकॉर्डिंग केलं, त्यात शिवकुमार शर्मा होते. त्याच मुक्कामात ‘द इनर लाइट’चं वाद्यसंगीत इथेच रेकॉर्ड झालं, आवाज नंतर लंडनला चढवला, आणि मार्चमध्ये ते ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला आलं. म्हणजे बीटल्सच्या एका गाण्यातलं सगळं वादन मुंबईतलं आहे! ऋषिकेशमध्ये कोण कोणावर रुसलं यावर पानंच्या पानं, आणि या वादकांवर दोन ओळी.

लंडनमधल्या वादकांची गोष्ट तर मनाला आणखी लागते. १९६६ च्या ‘रिव्हॉल्व्हर’वर ‘लव्ह यू टू’चा तबला अनिल भागवत यांचा आहे, आणि त्यांचं नाव कव्हरवर छापलंय. पुढच्याच वर्षी ‘विदिन यू विदाउट यू’ मध्ये वाजवणाऱ्यांची नावं मात्र छापली नाहीत. ती समोर आली थेट २०१७ मध्ये, अण्णा जोशी आणि अमृत गज्जर दिलरुब्यावर, नटवर सोनी तबल्यावर, बुद्धदेव कंसारा तंबोऱ्यावर. पन्नास वर्षं जगाने ते गाणं ऐकलं आणि चरित्रकारांनी फक्त ‘भारतीय वादक’ असं लिहून पुढचं पान उलटलं. अजय बोस यांचं २०१८ चं पुस्तक भारताची बाजू बरीच सविस्तर सांगते, तिथून सुरुवात करा. आणि फोर्टच्या त्या स्टुडिओत त्या काळी काम केलेलं तुमच्या ओळखीत कोणी असेल तर त्यांच्याशी बोला, त्यांची परवानगी घेऊन आठवणी लिहून पाठवा, या सदरात जागा राखून ठेवते.