जुन्या युरोपीय व्यक्तिचित्रांत अंगठ्या भलत्याच बोटांत का दिसतात?

तुम्ही विचारलंय की सोळाव्या शतकातल्या युरोपीय चित्रांत अंगठी कधी तर्जनीत, कधी बोटाच्या मधल्या पेरावर का असते, आणि त्यावरून त्या माणसाचं लग्न झालं होतं का ते ओळखता येतं का. नाही येत. संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर ही चित्रं मोठी करून मी एकेक बोट निरखत आलोय. लग्नाची खूण शोधायची सवय मला सगळ्यात आधी सोडावी लागली.

कारण डाव्या अनामिकेचा नियम तेव्हा सगळीकडे पक्का झालेला नव्हता. राफाएलने १५०४ साली रंगवलेल्या विवाहाच्या चित्रात योसेफ मरियेच्या उजव्या हातात अंगठी घालतोय. इंग्लंडमध्येही उजवाच हात चाले. तिथे डावा आला तो इंग्लंडच्या चर्चच्या १५४९ च्या प्रार्थनापुस्तकाने. ज्यू विवाहात तर वधूच्या उजव्या तर्जनीत अंगठी घालतात. आपल्याला तर्जनी म्हटली की गुरूचा पुष्कराज आठवतो, पण तोही अर्थ इथे लावायची घाई नको.

पेरावरच्या अंगठ्या ही तर फार जुनी हौस. रोमन लेखक प्लिनी पहिल्या शतकात सांगतो की आधी लोक फक्त करंगळीशेजारच्या बोटात अंगठी घालत, मग तर्जनीत, मग करंगळीत. त्याच्या काळात मधलं बोट तेवढं मोकळं उरलं होतं आणि पेरापेराला वेगळी लहान अंगठी होती! पुढे जर्मन चित्रकार क्रानाखने १५३० च्या सुमारास रंगवलेली, बायबलच्या कथेतली ज्युडिथ बघा. तिच्या हातमोज्यांना बोटांवर चिरा दिल्यात, आतल्या अंगठ्या दिसाव्यात म्हणून. सोनं झाकून ठेवायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

शिक्क्याची अंगठी वेगळी. ती लाखेवर दाबून पत्र मोहोरबंद करायचं, म्हणजे ते कामाचं हत्यार. होल्बाइनने १५३२ मध्ये रंगवलेल्या गेओर्ग गिझ या व्यापाऱ्याच्या चित्रात ती लेखणी, कात्री, नाणी यांच्यासोबत टेबलावरच पडलेली आहे.

पण तुम्ही एकच चित्र बघणार असाल, तर लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीतलं सर हेन्री लीचं बघा. १५६८ सालचं, अँटोनिस मोरचं. गळ्यातल्या लाल दोरीला एक अंगठी टांगलीय आणि लीने डाव्या हाताचा अंगठा तिच्यात अडकवलाय. हातावरही दोरीने बांधलेली अंगठी आहे. बाह्यांवर प्रेमगाठी आणि कड्यांचे खगोल, म्हणजे कड्यांनी बनवलेल्या आकाशाच्या गोल प्रतिकृती, भरलेत. हे खगोल पुढे एलिझाबेथ राणीशी जोडले गेलेले चिन्ह, आणि ली तिच्या दरबारातला. त्याचं लग्न १५५४ मध्येच झालेलं होतं. तरी चित्रकाराने छातीवर, ऐन मधोमध आणून ठेवली ती ही दोरीतली अंगठी.