स्टोकर वडील आणि त्यांचं दुकान

प्रश्न : माझे वडील नौदलात स्टोकर, म्हणजे जहाजाचे बॉयलर सांभाळणारे, होते. १९७१च्या युद्धात ते 'विक्रांत' या विमानवाहू जहाजाच्या बॉयलर रूममध्ये होते. निवृत्त झाल्यावर गावी मालवणला येऊन त्यांनी होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचं दुकान टाकलं आणि शेवटपर्यंत चालवलं. वर्षश्राद्धाला त्यांच्यावर छोटी पुस्तिका काढायची आहे. भाऊ म्हणतो, "युद्धाचंच लिही, दुकानात लिहिण्यासारखं काय आहे?" काय करू? – एक वाचक, मालवण

उत्तर : भावाला सांगा, दुकानाशिवाय तुमच्या वडिलांचं युद्धही नीट कळणार नाही.

त्या वेळी 'विक्रांत'च्या चार बॉयलरपैकी एकाला तडे गेले होते. जहाजाचा वेग त्यामुळे घटला होता. विमान उडवायचं तर समोरून जोराचा वारा हवा, आणि तो जहाजाच्या वेगातून मिळतो. विमान पुढे फेकणारं कॅटापुल्टसुद्धा वाफेवरच चालायचं. तरीही ४ डिसेंबरला 'विक्रांत'वरच्या सी हॉक विमानांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातलं, म्हणजे आजच्या बांगलादेशातलं, कॉक्स बझार गाठलं, पुढे चितगाववर हल्ले झाले. ही वाफ खाली ज्यांनी सांभाळली त्यांत तुमचे वडील होते! नुसतं 'देशसेवा केली' म्हटलं तर यातलं काहीच वाचणाऱ्याला दिसत नाही.

अशा माणसाच्या हाती पुढे कोळ्यांची इंजिनं आली. जून-जुलैची मासेमारीबंदी म्हणजे इंजिनं खोलायचे दिवस. दुकानात तेव्हा पाय ठेवायला जागा नसणार. त्या दोन महिन्यांवर एक अख्खं प्रकरण लिहा. माझे मामाही नौदलातून आल्यावर रत्नागिरीत मोटार रिवाइंडिंग करायचे. फळीवर प्रत्येक पान्याच्या आकाराची रंगाने रेघ मारलेली. संध्याकाळी एक जागा रिकामी दिसली तरी शटर खाली यायचं नाही. काढलेला जुना पार्ट फडक्यात बांधून गिऱ्हाइकाला परत द्यायचे, खरंच खराब झाला होता हे त्याने डोळ्यांनी बघावं म्हणून. मामा कसे होते हे मला कुणी विचारलं, तर मी आधी हेच सांगते. तुमच्या वडिलांच्या अशा सवयी त्यांच्या हाताखाली शिकलेल्या पोरांना पाठ असतील. त्यांना घरी बोलवा, जेवू घाला, बोलू द्या.

नौदलातल्या तारखा आणि जहाजांची नावं मात्र आठवणीवर सोडू नका. डिस्चार्ज बुक, म्हणजे नौदल सोडताना मिळालेलं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, शोधा. पदकंही निरखून बघा, त्यांवर नाव आणि नंबर कोरलेला असतो. कागद सापडत नसतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, पुढचा अर्ज कुठे करायचा ते तिथे सांगतील.

आई असतील तर त्यांच्याजवळ निवांत बसा. दुकानाचं भांडवल कुठून आलं, निवृत्तीच्या पैशातून की त्यांच्या पाटल्या मोडून, हे बहुधा त्यांनाच ठाऊक असेल. तेही पुस्तिकेत यायला हवं.

उधारीची वही मिळाली तर एखादं पान जरूर छापा, पण नावं झाकून. ती माणसं अजून तुमच्याच गावात राहतात.