आधी बॉनेट उघडून पाहा

विट्याहून एका पालकांचे पत्र आले आहे. ते एसटीच्या आगारात यांत्रिक आहेत. त्यांची मुलगी कोल्हापूरच्या एका तंत्रनिकेतनात स्थापत्य पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि वसतिगृहात राहते. थोरल्या भावासाठी २०१९ साली घेतलेला, आय ३ प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम असलेला लॅपटॉप आता तिच्याकडे आहे. ‘तो चालू करून ती आंघोळीला जाते, परत येईपर्यंत जेमतेम सुरू झालेला असतो, आणि प्लग काढला की बंद पडतो,’ असे ते लिहितात. मुलगी एकदा टॅब हवा म्हणाली होती. हिंजवडीला नोकरी करणाऱ्या भाच्याने ग्राफिक्स कार्ड असलेला भारी लॅपटॉप, नाहीतर मॅकबुक सुचवला. वडिलांनी पतसंस्थेत ७० हजारांच्या कर्जाचा अर्ज भरून ठेवला आहे, आणि काय घेतल्याने मुलीला नोकरी लवकर लागेल, असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा शेवटच्या परिच्छेदातील एका वाक्यापाशी अडखळलो. आपण लिहिता, ‘एवढा खर्च केल्यावर तरी तिने पहिला नंबर सोडू नये, अशी समज आपण उत्तरातून तिला द्यावी.’ ही समज मी देणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. पहिल्या वर्षी वर्गात पहिली आलेली मुलगी तिसऱ्या सत्रात ७८ टक्के मिळवून तिसरी आली, यात मला काळजीचे काही दिसत नाही. पदविकेच्या पहिल्या वर्षात गणित आणि विज्ञान बरेचसे शाळेच्या ओळखीचे असते. दुसऱ्या वर्षापासून पदार्थांचे बल, सर्वेक्षण असे खरे स्थापत्याचे विषय अंगावर येतात आणि तिथे गुणांची उतरंड थोडी हलतेच. लेखी परीक्षा ती आजही पेनाने उत्तरपत्रिकेवरच देते. त्यामुळे नंबर घसरला तो लॅपटॉपमुळे, आणि नवा आणला की तो वर चढेल, हा हिशोब मुळातच जुळत नाही.

मला काळजी वाटते ती त्या वाक्यातील ‘तरी’ या शब्दाची. कर्जाचा हप्ता आपल्या पगारातून जाणार, आणि त्याचे व्याज मात्र मुलीच्या गुणपत्रिकेतून वसूल होणार, असा त्याचा अर्थ होतो. आपण तिला उपाशी ठेवत नाही, शिकू नको म्हणत नाही, उलट स्वतःच्या पोटाला चिमटा काढून तिच्यासाठी धडपडता, हे पत्राच्या ओळीओळीत दिसते आणि त्याबद्दल मला आदर आहे. परंतु ज्या घरात प्रत्येक वस्तूबरोबर अपेक्षेची पावती मिळते, त्या घरातली मुले हळूहळू वस्तू मागायचीच बंद करतात. ‘नवीन घेऊ का विचारले तर नको पप्पा, चालतंय म्हणाली,’ हे आपण तिच्या शहाणपणाचा दाखला म्हणून लिहिले आहे. मला त्यात शहाणपणाइतकीच धास्ती दिसते. चालत नाही, हे आपणच वरच्या ओळीत लिहिले आहे, आणि तिला ते आपल्याहून जास्त ठाऊक आहे.

काही वर्षांपूर्वी अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी माझ्याकडे आला होता. त्याने लॅपटॉप उघडला, तेव्हा पडद्याच्या कडेला आतल्या बाजूने चिकटवलेली एक चिठ्ठी मला दिसली. वडिलांच्या अक्षरात १८ हप्त्यांच्या तारखा होत्या आणि भरलेल्या हप्त्यांपुढे बरोबरची खूण होती. मुलाला जबाबदारीची जाणीव राहावी, हा वडिलांचा हेतू. मुलगा मात्र घरून आलेला फोन उचलायच्या आधी लॅपटॉपचे झाकण मिटायचा, हे त्याने मला तासाभराच्या बोलण्यानंतर सांगितले. आपण अशी चिठ्ठी चिकटवणार नाही, याची मला खात्री आहे, पण ती न चिकटवताही वाचता येते.

आता यंत्राकडे येऊ. मुलीने टॅब का मागितला असेल, हे आपण तिला विचारल्याचे पत्रात कुठेच नाही. माझा तर्क असा, की वसतिगृहाच्या एका खोलीत तीन मुली आणि प्लग एखाददुसरा, अशा ठिकाणी प्लग काढताच बंद पडणारा लॅपटॉप म्हणजे एका जागी खिळलेले यंत्र झाले. वाचनालयात नेता येत नाही, रात्री मैत्रिणी झोपल्यावर बाहेरच्या पडवीत बसता येत नाही. टॅब हलका असतो आणि दिवसभर चार्जिंगवाचून चालतो. म्हणजे तिने मागितला टॅब, पण तिला हवी असावी बॅटरी. माझा तर्क चुकीचाही असेल. तिला विचारले की कळेल.

टॅबविषयी एक गैरसमज मात्र मला सविस्तर दूर करावासा वाटतो, कारण तो आपल्या पत्रातही आहे: ‘ऑटोकॅड आता टॅबवरही येते, मग लॅपटॉप कशाला?’ येते हे खरे, पण नाव तेच असले तरी ते संगणकावर नकाशे काढण्याचे संपूर्ण ऑटोकॅड नव्हे. टॅबवरच्या आवृत्तीत नकाशा उघडून पाहता येतो, मापे तपासता येतात, किरकोळ बदल करता येतात. साइटवर उभ्या असलेल्या अभियंत्याला ते सोयीचेच आहे. परंतु शिकणाऱ्याला शून्यापासून घराचा आराखडा, छेद आणि दर्शनी चित्र काढून, लेयर लावून, ठरलेल्या प्रमाणात छापून द्यायचे असते, आणि ते काम माउस, कीबोर्ड व मोठा पडदा यांवाचून रडतखडतच होते. पुढच्या वर्षांत ज्यांच्याशी तिची गाठ पडेल ती स्टॅड प्रो, ईटॅब्ज आणि रेव्हिट ही सॉफ्टवेअरे तर विंडोजवरच चालतात. अँड्रॉइडच्या टॅबवर नाहीत आणि आयपॅडवरही नाहीत. भाच्याने सुचवलेल्या मॅकबुकलाही हेच लागू आहे, हे त्याला कळवावे. तो संगणक क्षेत्रात असल्याने त्याची शिफारस त्याच्या कामापुरती योग्य असेल, स्थापत्यासाठी ती नाही. टॅबचा खरा उपयोग वाचनाला आणि टिपणांना. काँक्रीटच्या बांधकामासाठीच्या आयएस ४५६ सारखी मानके भारतीय मानक ब्यूरोकडून विनामूल्य उतरवून घेता येतात आणि ती मोबाईलपेक्षा टॅबवर कितीतरी सुखाने वाचता येतात. पण ती तिच्याकडच्या लॅपटॉपवरही वाचता येतील, जर तो धड चालला तर.

आणि तो धड का चालत नाही, याचा शोध आपण घेतलेला नाही, याचे मला खरोखर नवल वाटले. आगारात गाडी घाट चढेना म्हणून कोणी नव्या गाडीची मागणी करत नाही. आधी बॉनेट उघडतात. एसटीने तर जुन्या चॅसीवर नव्या बॉडी बांधून गाड्या पुन्हा रस्त्यावर आणल्या आहेत, हे मी आपल्याला सांगायला नको. लॅपटॉपचे बॉनेट उघडण्यासाठी स्क्रू ड्रायव्हरही लागत नाही. मुलगी घरी आली की तिला कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबायला सांगा. टास्क मॅनेजर उघडेल. लॅपटॉप रखडत असताना त्यातल्या ‘डिस्क’च्या रकान्यात आकडा १०० टक्क्यांवर अडकून बसलेला दिसला, तर दुखणे सापडले असे समजावे. त्या काळातल्या बहुतेक स्वस्त लॅपटॉपांत फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असे. विंडोज सुरू होताना हजारो बारीक फायली वाचाव्या लागतात आणि प्रत्येक फायलीसाठी तबकडीवरचा काटा जागेवरून हलावा लागतो. त्यात रॅम अवघी ४ जीबी असल्याने, रॅममध्ये न मावलेली माहिती पुन्हा त्याच तबकडीवर ठेवली जाते. प्रोसेसर बिचारा रिकामा बसून वाट पाहत असतो.

उपाय असा, की हार्ड डिस्कच्या जागी ५१२ जीबीची एसएसडी बसवावी, जिच्यात हलणारा भागच नसतो. रॅम ८ किंवा जमल्यास १२ जीबीपर्यंत न्यावी. आणि बॅटरी नवी घालावी. रॅमसाठी मोकळी जागा आहे का, हे टास्क मॅनेजरमध्येच ‘मेमरी’ या पानावर कळते. दुकानदाराकडून तिन्ही वस्तूंचा लेखी अंदाज घ्यावा. भाव सतत बदलतात, तरी हा खर्च आपण ठरवलेल्या ७० हजारांच्या चौथ्या हिश्शाच्या आत बसायला हवा, आणि त्यासाठी पतसंस्थेची पायरी चढावी लागू नये. ऑटोकॅड करणारी कंपनी आपल्या सॉफ्टवेअरसाठी किमान ८ जीबी रॅम सांगते; पदविकेच्या पातळीवरचे काम एवढ्यात होते. विद्यार्थ्यांना ते सॉफ्टवेअर वर्षभराच्या नूतनीकरणाने विनामूल्य मिळते, तेव्हा दुकानातून ‘सगळे टाकून देतो’ म्हणणाऱ्याची चोरीची प्रत घेऊ नये. रेव्हिटसारखे अवजड काम मात्र महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतच करावे.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे कंपनीकडून मिळणाऱ्या सुरक्षेच्या सुधारणा, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि इंटेलचे प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचे असतील तरच विंडोज ११ अधिकृतपणे चालते. सेटिंग्जमधील ‘अबाउट’ या पानावर आय ३ नंतरच्या आडव्या रेघेपुढचा आकडा पाहावा. तो ८ ने किंवा १० ने सुरू होत असेल तर निर्धास्तपणे खर्च करावा. ७ ने सुरू होत असेल, आणि २०१९ साली तसेही पुष्कळ लॅपटॉप विकले जात होते, तर दुरुस्तीत पैसे घालू नयेत. त्या परिस्थितीत १६ जीबी रॅमचा साधा विंडोज लॅपटॉप घ्यावा. खेळांसाठीचे ग्राफिक्स कार्ड आणि त्याच्यासोबत येणारे अडीच किलोचे ओझे तिला नको आहे. टॅब तर दोन्ही परिस्थितींत नकोच.

नोकरीचे विचारलेत म्हणून थोडक्यात सांगतो: पदविकेनंतर थेट दुसऱ्या वर्षाला पदवीचा प्रवेश आहे, आणि कनिष्ठ अभियंता पदाच्या भरत्यांना स्थापत्याची पदविका चालते. यातल्या एकाही ठिकाणी तिच्याकडे कोणते यंत्र आहे, हे कोणी विचारत नाही. साइटवर लेव्हल लावता येते का, नकाशा वाचून लोखंडाचा हिशोब काढता येतो का, हे विचारतात. विट्यात कुणाचे बांधकाम चालू असेल, तर सुट्टीत तिला तिथे आठ दिवस उभे राहू द्या. भाच्याच्या शिफारशीपेक्षा ते उपयोगी पडेल.

तेव्हा पतसंस्थेतला अर्ज परत घ्यावा आणि तो परत घेतल्याचे तिला सांगावे. त्याच वेळी नंबराचा विषय काढू नये, सहज म्हणूनही नाही. रविवारी ती आली की लॅपटॉपचे काम तिच्याच हाताने होऊ द्या, दुकानातही तिलाच बोलू द्या. आपण शेजारी उभे राहा, जसे नव्याने लागलेल्या हेल्परच्या शेजारी उभे राहता. प्रोसेसरचा आकडा काय निघाला आणि टॅब तिला नेमका कशासाठी हवा होता, ते मला कळवा. पुढचे पत्र तिने लिहिले तर बरे होईल.

आपला,
करिअर मार्गदर्शक