ई-टाइपची सीडी ०.५५ की ०.४४: गडबड २६५ बीएचपीमध्ये आहे

जॅग्वार ई-टाइप या जुन्या स्पोर्ट्स कारच्या टॉप स्पीडवरून तिची सीडी काढायचं तुमचं गणित दोनदा ताळून बघितलं, गुणाकार-भागाकार सगळे बरोबर आहेत. इंजिनाची छापील पॉवर २६५ बीएचपी (ब्रेक हॉर्सपॉवर), टॉप स्पीड ताशी १५० मैल, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमध्ये १० टक्के गेले, टायरच्या रोधाला अंदाजे १८ किलोवॅट, उरलेली सगळी ताकद हवा कापायला, समोरचं क्षेत्रफळ १.६ चौरस मीटर, की सीडी, म्हणजे ड्रॅग कोइफिशंट, गाडीच्या आकाराला हवा किती अडवते ते सांगणारा आकडा, येतो ०.५५. आणि जॅग्वार ई-टाइपचा छापलेला आकडा सगळीकडे ०.४४. यातला खरा कुठला असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत, ०.४४ खऱ्याच्या खूप जवळ आहे आणि गडबड त्या २६५ मध्ये आहे.

१९६१ मध्ये जिनिव्हाला गाडी आली तेव्हा ३.८ लिटरच्या इंजिनाची जी पॉवर छापली ती ग्रॉस होती. म्हणजे इंजिन टेस्ट बेंचवर एकटं, गाडीतला एक्झॉस्ट नाही, एअर क्लीनर नाही, पंखा नाही. गाडीत बसवल्यावर त्यातले १५-२० टक्के सहज जातात. आता तेच गणित उलटं करून बघा. ०.४४ गुणिले १.६ म्हणजे ०.७०. १५० मैल म्हणजे सेकंदाला ६७ मीटर, हवेची घनता १.२ धरली तर हवेला लागतात १२७ किलोवॅट, त्यात टायरचे १८ मिळवा, १४५ झाले, १० टक्के गळती धरून इंजिनाकडून लागतात साधारण १६१ किलोवॅट, म्हणजे २१७ बीएचपी. २६५ मधून १८ टक्के वजा केले की जवळपास तेच! आणि १५० मैलसुद्धा जपूनच धरा. ऑटोकार या नियतकालिकाच्या चाचणीत कूपेने (बंद छताची) १५०.४ मैल दिले, मोटर या नियतकालिकाच्या चाचणीत रोडस्टरने (उघडी) १४९.१, पण त्या प्रेसच्या गाड्या खास तयार केलेल्या होत्या, शोरूममधून उचललेल्या नव्हत्या. पॉवर वेगाच्या घनाने वाढते त्यामुळे वेगात २ टक्के चूक झाली की सीडीत ६ टक्के चूक होते. म्हणून टॉप स्पीडवरून सीडी काढणं मला कधीच पटलं नाही.

एवढी निमुळती गाडी आणि ०.४४, आजची साधी सेडान ०.३० च्या आसपास असते, हे कसं, असंही तुम्ही लिहिलंय. माल्कम सेयर विमानाच्या कारखान्यातून, ब्रिस्टलमधून, जॅग्वारला आलेला माणूस, कॉम्प्युटर नसताना हाताने गणितं करून त्याने बॉडीच्या रेषा काढल्या आणि मला त्याच्याबद्दल मनापासून आदर आहे. पण डोळ्याला बॉडीची वरची कातडी दिसते, हवा सगळीकडून जाते. पुढच्या तोंडातून आत शिरलेली हवा रेडिएटरवर आणि इंजिनावर आपटते आणि सगळा जोर घालवून बॉनेटच्या झापांतून आणि खालून बाहेर पडते. खाली एक्झॉस्ट, सस्पेन्शन सगळं उघडं. वर तारांची चाकं. मी माझ्या एमजीबी या जुन्या स्पोर्ट्स कारवर लोकरीचे बोटभर धागे टेपने चिकटवून बाजूच्या गाडीतून व्हिडिओ काढला होता, बॉनेटवरचे धागे चापूनचोपून सरळ बसलेले, आणि काचेच्या खांबामागचे चक्क उलटे, गाडीच्या नाकाकडे तोंड करून फडफडत होते. ड्रॅग तिथे तयार होतो.

आता मुद्द्याचं. मित्राची १९६२ ची कूपे एका दिवसासाठी धावपट्टीवर मिळतेय म्हणताय ना, मग इंजिनाच्या पॉवरच्या फंदात पडूच नका. गाडी ताशी १२० किमीच्या वर न्या, न्यूट्रल करा आणि सोडून द्या. ताशी ११५ वरून १०५ किमीवर यायला किती सेकंद लागले आणि ३५ वरून २५ वर यायला किती, एवढंच मोजा. समजा ६.६ आणि १७ सेकंद आले, तर मंदावण्याचा दर ०.४२ आणि ०.१६ मीटर प्रति सेकंद वर्ग. दोघांतला फरक ०.२६. टायरचा रोध दोन्हीकडे जवळपास सारखाच म्हणून वजाबाकीत निघून जातो, हीच या पद्धतीची गंमत. फरकाला वजनाने गुणा, वजन वजनकाट्यावरचं घ्या, दोन माणसं आणि पेट्रोल धरून, आणि फिरत्या चाकांसाठी वर ३-४ टक्के. १४०० किलो धरले तर ३६० न्यूटन, त्याला हवेच्या निम्म्या घनतेने आणि दोन सरासरी वेगांच्या (११० आणि ३० किमी, मीटर प्रति सेकंदात बदलून) वर्गांतल्या फरकाने भागा, की सीडी गुणिले क्षेत्रफळ ०.७० च्या आसपास येतं. स्पीडोमीटरवर अजिबात विसंबू नका, जुने स्पीडोमीटर जास्तच दाखवतात, जीपीएस लॉगर लावा.

आणि प्रत्येक रन दोन्ही दिशांनी. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा झाडाची पानं जेमतेम हलत होती, वारा नाहीच समजून चाललो होतो, तरी ११५ ते १०५ ला एका दिशेने ५.२ सेकंद आले आणि परत येताना ६.४. एकाच दिशेचं घेतलं असतं तर सगळा दिवस फुकट होता. पहाटे जा, काचा वर, आणि तापमान आणि हवेचा दाब लिहून ठेवा कारण घनता त्यावर ठरते. पुण्यात मे महिन्याच्या दुपारी हेच केलं तर घनता १.०७ पर्यंत खाली येते, तिथे पुस्तकातलं १.२२५ घातलं तर उत्तर १२-१३ टक्के चुकतं.

क्षेत्रफळ मात्र नीट काढा. रुंदी गुणिले उंची गुणिले ०.८ हा ठोकताळा इथे १.६२ देतो, वाईट नाही. त्यापेक्षा ३०-४० मीटर लांबून झूम लेन्सने अगदी समोरून फोटो घ्या, गाडीच्या सगळ्यात रुंद भागाशेजारी एक मीटरची पट्टी उभी करा आणि पिक्सेल मोजा. जवळून फोनने काढलात तर नाक मोठं दिसतं आणि मागचं छत लहान.

कमीत कमी सहा-सहा रन करा आणि सगळ्या वेळा, दिशा लिहून, जशाच्या तशा इथे टाका. सरासरी काढून टाकू नका, मला सुट्या वेळा बघायच्या आहेत.