जुना एसी बदलताय? आधी बाहेरचं युनिट बघा

पणजीत मिरामारला समुद्राच्या तोंडावर फ्लॅट आहे ना तुमचा? मग दुकानात जाण्याआधी बाहेरच्या युनिटची जाळी नीट बघा. अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांवर पांढरी भुकटी, तांब्याच्या जोडांवर हिरवट थर, बोट लावलं की पाती गळून पडतात, असं असेल तर गॅस भरत बसू नका, तो पुन्हा जाणारच. जाळी धड असेल आणि फक्त कपॅसिटर (मोटर सुरू करणारा छोटा भाग) किंवा पंख्याची मोटर गेली असेल तर मात्र दुरुस्तीच स्वस्त.

नवा घेताना तांब्याची कॉइल आणि गंजरोधक लेप हवाच. खारी हवा दुसरं काही टिकू देत नाही. गरम-थंड दोन्ही देणारं मॉडेल गळ्यात मारतील, गोव्यात त्याची काय गरज? छोट्या बेडरूमला एक टन पुरे, डोक्यावर तापणारी गच्ची असली तर दीड. रोज रात्रभर चालणार असेल तर पाच स्टारचा इन्व्हर्टर एसी, पाहुण्यांच्या खोलीला तीन स्टार चालेल. २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, जुन्या किमतीला भुलू नका. घाई नसेल तर पावसाळ्यात घ्या. गिऱ्हाईक कमी, मिस्त्रीही मोकळा.

बसवताना मात्र समोर उभे राहा. पाइपातली हवा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप लावायलाच सांगा. नुसता थोडा गॅस सोडून हवा ढकलली तर आपल्याकडची दमट हवा पाइपात राहते आणि कॉम्प्रेसर खाते.