किंग टबीने एकही वाद्य वाजवलं नाही, मग त्याला रेगेतला एवढा मोठा कलाकार का मानतात?

प्रश्न वाचला आणि ताट तसंच ठेवून लिहायला बसलो. "तो तर नुसता साउंड इंजिनियर" असं तुम्ही लिहिलंय ना, ते 'नुसता' मला अजून टोचतं.

मी ऑर्केस्ट्राला मिक्सर चालवायचो, जत, मंगळवेढा, सांगोला साइडला, जत्रेच्या सुपाऱ्या. त्याआधी वडिलांच्या दुकानात रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्ती, ट्रान्सफॉर्मर गुंडाळायला मी शाळेत असतानाच शिकलो. एका जत्रेत गाणं ऐन रंगात असताना कीबोर्डची लाइन खरखरायला लागली. मी कीबोर्डचा फेडर (मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली ओढला, आणि काय सुचलं कुणास ठाऊक, गायिकेचाही ओढला. फक्त ढोलकी आणि बास ठेवला, चार-पाच आवर्तनं. मग तिच्या ओळीचा शेवटचा शब्द तेवढा इकोत सोडला आणि सगळं एकदम वर. पब्लिक उठून उभं राहिलं, टोप्या उडाल्या. कार्यक्रम संपल्यावर मालक, नात्याने माझे चुलतभाऊच, सगळ्यांसमोर म्हणाले, "तू वायरवाला हायस, वायरवाल्यासारखा ऱ्हा." हँडबिलावर निवेदकापासून ढोलकीवाल्यापर्यंत सगळ्यांची नावं असायची, माझं कधीच आलं नाही. एकदा मागितलं तर म्हणाले आर्टिस्ट स्टेजवर असतात.

कितीतरी वर्षांनी एका मित्राने टबी ऐकवला आणि मी गप्पच झालो. माझ्या हातून एका रात्री जे झालं ते हा माणूस जमैकात, रेगेच्या माहेरी, किंगस्टनमध्ये १९७०च्या दशकात रोज ठरवून करत होता! ऑस्बर्न रडॉक त्याचं खरं नाव, जन्म १९४१चा, धंदा रेडिओ दुरुस्ती आणि ट्रान्सफॉर्मर वाइंडिंग. स्वतःची साउंड सिस्टिम होती, म्हणजे नाचायला रेकॉर्ड वाजवायचा फिरता स्पीकर-सेट, नाव होमटाउन हाय-फाय, तिच्यावर यू-रॉय नावाचा कलाकार गाण्यावर माइक घेऊन तालात बोलायचा. डायनॅमिक स्टुडिओने काढून टाकलेला चार ट्रॅकचा मिक्सर त्याने घेतला आणि वॉटरहाउस भागात ड्रोमिली अव्हेन्यूवरच्या घरात बसवला, आवाज रेकॉर्ड करायला बाथरूम. त्या मिक्सरवर एक मोठा नॉब होता, फिरवला की खालचा आवाज गाळला जाऊन झांजा सुसाट पळतात, तो नॉब आणि टेप इको एवढ्यावर त्याने गाणी उघडी केली. गायक काढला, गिटार काढली, ड्रम-बास राहिले, मधूनच एखादा शब्द लांबून येऊन विरून जातो. यालाच डब म्हणतात. तेव्हा रेकॉर्डच्या मागच्या बाजूला 'व्हर्जन' असायचं, म्हणजे त्याच गाण्याचं गायक काढलेलं रूप, लोक टबीचं नाव बघून ती बाजू घ्यायला लागले. म्हणजे लेबलवर नाव इंजिनियरचं, हे माझ्या चुलतभावाला कुणीतरी सांगा.

बाकी वारसा म्हणाल तर रीमिक्स हा प्रकारच इथून वर आला, जंगल आणि डबस्टेप हे इलेक्ट्रॉनिक संगीताचे प्रकार तर सरळ त्याच रक्ताचे. त्याच्या हाताखालचे प्रिन्स जॅमी आणि सायंटिस्ट पुढे स्वतः नावारूपाला आले. १९८९च्या फेब्रुवारीत घराबाहेरच त्याला गोळी घालून मारलं.

आणि हो, वाद्य नाही वाजवलं म्हणता, मग मिक्सर काय आहे? चार फेडरवर ताल धरून हात चालवायचा, तोही गाणं चालू असताना. तुमचा बँड किंवा बेंजो पार्टी असेल तर या वर्षीपासून मिक्सरवाल्याचं नाव बॅनरवर छापा, आणि स्टेजवरच्या लोकांच्याच साइजमध्ये.

एक मात्र खरं, टबी एकटा नव्हता. निर्माता बनी लीने गाण्यांच्या टेप आणून दिल्या, दुसरा निर्माता ली पेरी, त्याचं डबमधलं काम वेगळंच आणि तेवढंच मोठं. आणि मूळ बास-ड्रम वाजवणारे तगडे होते म्हणून तर बाकी सगळं काढून टाकलं तरी गाणं उभं राहिलं.

सुरुवात ऑगस्टस पाब्लोसोबतच्या १९७६च्या 'किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन'पासून करा. फोनच्या स्पीकरवर नको, त्यावर बास येतच नाही.